दोन हात

टक्, टक्.

सासऱ्यांनी रिकामं भांडं दोनदा फरशीवर आपटलं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. धाकटी हातातलं काम तसंच टाकून पाण्याचा तांब्या घेऊन गेली. दोनदा म्हणजे पाणी. एकदा म्हणजे ताट उचला. या घरात येऊन तिला सात वर्षं झाली होती, पण भांडं तीनदा वाजलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तसं वाजलं तर काय करायचं, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सासरे तिच्याशी बोलत नसत. थोरल्या सुनेशी दोन शब्द तरी बोलत, धाकटीशी तेवढेही नाहीत. तिचा बाप दुसऱ्याच्या रानात खत फेकणारा मजूर. तसल्या घरातून आलेल्या सुनेचं भांड्याच्या आवाजावर भागत असेल तर तोंड कशाला शिणवायचं? जे भांड्यावर भागत नसे ते नातीच्या तोंडून जाई.

"गुंडे," ते म्हणाले, "विचार तुझ्या आईला, कागद झाला का."

गुंडी पाच वर्षांची. गोल, घट्ट आणि शर्टाच्या गुंडीसारखी कुठंही लोंबत राहणारी, म्हणून गुंडी. तिनं तोंडातला घास एका गालात सारला.

"आई, कागद झाला का?"

आई तिथंच चार हातांवर तांब्या घेऊन उभी होती. "झाला म्हणावं."

"झाला म्हणावं!" गुंडी ओरडली. गालातला घास थोडा बाहेर आला.

थोरला हसला. "मास्तरणीचा पेपर झाला एकदाचा. आता गायींना वाचून दाखवायचा. त्यांनी माना डोलावल्या की पास."

थोरलीनं तोंड फिरवून हसू दाबलं, पण दिसेल इतपतच दाबलं. धाकटीचा नवरा ताटातल्या रेघा बघत बसला होता. थोरल्या भावाच्या समोर तो नेहमी असाच बसे, कुणीतरी अर्धवट रिकामं करून ठेवलेल्या पोत्यासारखा.

सासऱ्यांनी हात धुतले, पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं गुंडीला सांगितलं, "एक हंगाम. तेवढाच. गवत साधलं, तर कुरण आणि नऊच्या नऊ गायी तुझ्या बापाच्या ताब्यात. नाही साधलं, तर थोरला कुरणात नांगर घालील आणि तुझ्या बापानं आपलं बिऱ्हाड उचलायचं. सांग आईला."

"आई," गुंडी म्हणाली आणि थांबली. एवढं मोठं तिच्या तोंडात मावेना.

"ऐकलं मी," धाकटी म्हणाली.

*

खताचा कागद करायला तिला चार महिने लागले होते, आणि ते चार महिने तिनं कुठून कुठून चोरले होते. पोर दुपारी झोपली की अर्धा तास. कपडे वाळेस्तोवर. घरात जेवणं चाललेली असताना उभ्याउभ्या.

कुरणाचे तुकडे पाच. गोठ्याला लागून ताटली. मग लांबोळी, टेकाडी आणि ओढ्याकडची. सगळ्यांत शेवटी, जिथं तारेचं कुंपण कोपरात मुडपल्यासारखं वळतं, तिथं अर्ध्या एकराची वाकडी. धाकटी खुरपं आणि बादली घेऊन प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालली होती. वीत वीत खोल माती काढायची, पंधरा ठिकाणची एकत्र करायची, खडे वेचायचे, ढीग पसरून चार भाग करायचे, दोन टाकायचे, दोन ठेवायचे. शेवटी प्रत्येक तुकड्याची ओंजळभर माती पिशवीत उरली. पाच पिशव्या आणि एक गुंडी घेऊन ती तपासणीच्या कचेरीत जाऊन आली होती. परतताना गुंडी तिच्या मांडीवर झोपली, आणि त्या झोपलेल्या पायांवर अहवाल पसरून तिनं तो तीनदा वाचला.

अहवालात होतं ते तिला आधीच संशयानं ठाऊक होतं. ताटली जवळ, म्हणून वर्षानुवर्षं सगळा शेणकाला ताटलीतच ओतलेला. तिथली माती खाऊन खाऊन सुस्त झालेली, आणि लांबच्या तुकड्यांचं पोट पाठीला लागलेलं. तरी युरिया मात्र सगळ्यांना सारखाच, कारण सासऱ्यांचे वडील तसाच टाकत.

तिनं वहीच्या कागदावर पाच ओळी लिहिल्या. ताटलीला काही नाही. लांबोळीला आणि टेकाडीला शेणकाला, पाऊस नसताना. ओढ्याकडचीला काठापासून दहा पावलं सोडून, अर्धं पोतं. आणि शेवटची ओळ, 'वाकडी : दोन हात.'

ही ओळ लिहिताना तिला बाप आठवला होता. बाप गळ्यात झोळी अडकवून चालायचा. एका पोत्याचे दोन भाग करायचा. अर्धं उभं चालत फेकायचा, अर्धं आडवं. एक हात उभा, एक हात आडवा. म्हणजे कुठं पट्टा सुटत नाही, कुठं ढीग पडत नाही. माहेरी यालाच दोन हात म्हणत. बापाच्या बोटांना खतानं भेगा पडायच्या आणि त्यांत मीठ भरल्यासारखं झोंबायचं. मग तो पोरींना सांगायचा, "फुंकर घाला गं." तिघी बहिणी त्याच्या दोन हातांवर फुंकर घालत बसायच्या.

सासरी बायका शेण काढत, गवत कापत, दूध काढत. खताच्या पोत्याला मात्र पुरुषच हात लावत. त्यामुळे या घरात 'हात' कशाला म्हणतात, हे कळायची वेळ तिच्यावर सात वर्षांत आलीच नव्हती.

*

खत टाकायच्या सकाळी आभाळ भरून आलेलं होतं आणि माती ओली होती. याच दिवसाची ती वाट बघत होती. नवरा दारात बसून बुटात पाय कोंबत होता.

"वाकडीला एक पोतं," ती म्हणाली. "दोन हात. लक्षात ठेवा."

"हं."

"हं नाही. परत म्हणा."

"अगं, कागद आहे ना खिशात. मी काय शाळेत जातोय?"

गुंडी मात्र अंगणात एका पायावर उड्या मारत म्हणू लागली, "एक पोतं, दोन हात! एक पोतं, दोन हात!" आणि तशीच लंगडी घालत बापाच्या मागे गेली. धाकटीनं तिला हाक मारली नाही. पोर बापाबरोबर असली की बाप जरा माणसात असतो, असं तिला वाटायचं.

दिवसभर ती आणि थोरली शेणाच्या खड्ड्यावर होत्या. काला घुसळायचा, बादल्या भरायच्या, गाड्यावरच्या पिंपात ओतायच्या. कोपरापर्यंत हात हिरवे. थोरली नाकाला फडकं बांधून काठावर उभी राही आणि बादली वरच्या वर घेई. खड्ड्यात उतरायचं काम कुणाचं, हे विचारावं लागत नव्हतं.

"तुझं बरंय बाई," थोरली म्हणाली. "तुला वास येत नाही. लहानपणापासून सवय ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "आता माणसांचाच येतो तेवढा."

थोरलीनं त्या बादलीतला थोडा काला तिच्या खांद्यावर सांडू दिला. चुकून सांडला, असंच दोघींनी धरलं.

*

त्यानंतर पाऊस गेला. आभाळ रोज भरून यायचं, सूर्य झाकायचं, आणि न बरसता संध्याकाळी रिकामं व्हायचं. ताटली खाऊन संपली, मग लांबोळी, मग टेकाडी, मग ओढ्याकडची. मागची उगवायला तयार नाहीत आणि पुढं एकटी वाकडी उरलेली. तिकडं गवत गुडघ्याला लागलं होतं.

खत टाकल्यापासून अठराव्या दिवशी धाकटी बघायला गेली आणि कुंपणाशीच थांबली. गवत हिरवं नव्हतं, काळपट निळं होतं. पातं मोडून बोटांत चोळलं तर पाणचट, मऊ, अंगावर सूज आल्यासारखं.

घरी आली तेव्हा गुंडी गोठ्यामागे भातुकली मांडून बसली होती. खाली पांढरी पोती अंथरलेली.

"केवढं मोठं घर तुझं," धाकटी म्हणाली. "किती खोल्या?"

"दोन. ही बाबांनी आधी दिली. ही मग दिली." गुंडीनं दोन पोत्यांवर दोन थापा मारल्या. "ही झोपायची. ही पाहुण्यांची."

धाकटी पाहुण्यांच्या खोलीत बसली. पोत्याच्या शिवणीत पांढरे दाणे अडकले होते. तिनं एक जिभेला लावला. गार आणि कडवट.

नवरा धारा काढत होता. ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "वाकडीत किती पोती टाकलीत?"

धार थांबली. "दोन."

"एक सांगितलं होतं मी."

"दोन हात लिहिलंयस तू." त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. "एक हात म्हणजे पावलाला एक मूठ. दोन हात म्हणजे पावलाला दोन. अर्ध्या तुकड्यात पोतं संपलं माझं."

गाय मागं वळून बघू लागली. मग धाकटीला कळलं, आणि तिच्या देखत त्यालाही कळलं, की दोघांचा 'हात' वेगळा होता.

"मग विचारायचं तरी होतं," ती म्हणाली. "खड्डा काही परदेशात नव्हता. हाक मारली असती तरी आले असते मी."

"निघालो होतो विचारायला. दादा बांधावर उभा होता. म्हणाला, जा, जा, बायकोला विचारून ये. लघवीला जाताना पण विचारून जात जा. मजूर पण होते तिथं. सगळे हसले." त्यानं कोरडं आचळ दोनदा ओढलं. "मग दुसरं पोतं आणलं आणि टाकलं."

"मामंजींना सांगू या."

"काय सांगू या? दादाला तर हेच पाहिजे. उद्या नांगर जुंपील तो. आपण कुठं जायचं? तुझ्या बापाच्या त्या एका खोलीत?" आता तो बघत होता आणि त्याचे डोळे भिजले होते. "बोलू नकोस. पाया पडतो तुझ्या. पाऊस आला की होईल सगळं बरोबर."

ते अगदीच खोटं नव्हतं. चांगला पाऊस, चांगलं ऊन आणि आठ-दहा दिवस मिळाले, तर गवत ते जास्तीचं खत अंगात जिरवून टाकतं. पण ढगाळ हवेत, कोरड्यात ते बुडख्याशी तसंच साठून राहतं, आणि भुकेल्या गाईनं ते अधाशासारखं खाल्लं तर तासाभरात तिचं रक्तच नासतं. बापानं एकदा मोठ्या शेतावर तसं पाहिलं होतं. नंतर कित्येक दिवस तो दुधाला तोंड लावत नव्हता.

आठ दिवस, तिनं मनाशी म्हटलं. आठच दिवस कसेतरी काढायचे.

*

"गुंडे, विचार आईला, वाकडी का उघडायची नाही."

"आई, वाकडी का उघडायची नाही?"

"गवत कोवळं आहे म्हणावं. आठ दिवस तेवढा पेंढा घाला."

"कोवळं आहे म्हणावं!"

गायींची हाडं मोजून घ्यावीत अशी झाली होती. त्या तारेवरून माना काढून वाकडीकडं बघत आणि हंबरत. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. मोठीबाई सगळ्यांत पुढं. ती कळपाची म्होरकी. तिच्या कासेला तीन आठवड्यांचं वासरू होतं आणि त्याला पुरेल एवढं दूध आता उरलं नव्हतं. गुंडी त्या वासराला आपली बोटं चोखायला द्यायची आणि खिदळायची.

"गुडघाभर गवत समोर उभं, आणि जनावरांना काड्या चावायला लावतेय," थोरला ओसरीवरून ओरडला. "कागदावर लिहिलं नसेल ना, गायीला भूक लागते म्हणून. परीक्षेत आलंच नसेल."

"भाऊजी, आठ दिवसांचाच प्रश्न आहे."

"तुला आठ दिवस जेवायला घातलं नाही तर? कोवळी होशील?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो घमेल्याचा तळ खरवडत होता. त्या तळाला काही चिकटलेलं नव्हतं.

सासऱ्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "गुंडे, आईला सांग. तीन दिवस."

तीन दिवस पाऊस आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी धाकटी खड्ड्यात उतरून तळाचा गाळ काढत होती. काढता काढता तिचा हात थांबला. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळेना. मग कळलं. हंबरणं थांबलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळीकडं शांत होतं.

ती तशीच धावली. पायांना शेण, हातांना शेण, पाय घसरून एकदा पडली, परत उठली. वाकडीचं फाटक सताड उघडं. नऊच्या नऊ गायी माना खाली घालून खात होत्या, वर बघायलाही त्यांना सवड नव्हती. गवत तुटल्याचा तो करकर आवाज एरवी तिला फार आवडायचा.

"बाहेर काढा!" ती ओरडली. "भाऊजी, बाहेर काढा त्यांना!"

थोरल्यानं फाटकावर हात आडवा धरला. "का?"

नवरा कुंपणापाशी उभा होता. त्यानं मान हलवली, नाही अशी. अगदी थोडीशी.

"पोटं फुगतील," ती म्हणाली. "उपाशीपोटी ओलं गवत..."

"आता मास्तरीण गायींची पोटं पण तपासणार! खाऊ दे गं. तुझ्या बापाचं जातंय का?"

ती त्याच्या हाताखालून वाकून आत घुसली. मोठीबाईला ढकललं, शेपटी पिळली, तोंडावर मारलं. सात वर्षांत तिनं त्या गाईला कधी चापट मारली नव्हती. मोठीबाई दोन पावलं सरकली आणि तिथलं खाऊ लागली. थोरला हसत होता. मग थोरल्यानं तिचं मनगट धरून तिला फाटकाबाहेर आणलं, मांजर बाहेर ठेवावं तसं, आणि कडी लावली.

*

उन्हं डोक्यावर यायच्या आत मोठीबाई पडली.

आधी ती नुसती उभी राहिली, काहीतरी विसरल्यासारखी. मग तिचा श्वास वाढला. पाय फाकले, मांड्या थरथरू लागल्या, तोंडातून फेस आला. ती पुढच्या गुडघ्यांवर आली, तिथून उठायचा तिनं दोनदा प्रयत्न केला, आणि कुशीवर गेली. धाकटीनं तिचा ओठ वर करून पाहिला. हिरडी गुलाबी नव्हती. ओल्या मातीच्या रंगाची होती. तेवढ्यात पलीकडं दुसरी पडली.

जनावरांचा डॉक्टर आला तोवर चार आडव्या होत्या. त्यानं मोठीबाईच्या मानेत सुई घातली आणि नळीत चढलेलं रक्त उजेडात धरलं. शिळ्या चहासारखं तपकिरी.

"विषबाधा आहे," तो म्हणाला. "गवतातली. निळं औषध आहे माझ्याकडं, पण तीन गायींपुरतं. कुणाला देऊ?"

सासरे काठी टेकत पडलेल्या गायींमधून चालले. गाय विकत घेताना चालावं तसे, दात बघत, कास बघत.

"ही," काठी एका पाठीवर टेकली. "ही. आणि ती उभी आहे ती, गाभण आहे." मोठीबाईपाशी काठी थांबलीच नाही. "ही म्हातारी झाली."

मोठीबाईचे डोळे उघडे होते. धाकटी तिच्या डोक्याशी बसली आणि शेणानं भरलेल्या हातांनी तिच्या डोळ्यांवरच्या माश्या वारत राहिली. बराच वेळ. नंतर वारण्यात काही अर्थ उरला नाही तरीही.

दुपारपर्यंत चार गेल्या. सगळ्यांचे पाय एकाच दिशेला झाले होते.

डॉक्टर बादलीत हात धूत होता. "या तुकड्यात युरिया किती टाकला होता?"

मग सासरे वळले आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यांनी धाकटीच्या तोंडाकडं बघितलं.

"किती?"

तो आवाज सरळ आपल्यासाठी आहे, हे समजायलाच तिला वेळ लागला. तेवढ्यात थोरल्यानं भावाच्या खिशातून कागद ओढून काढला. घामानं त्याच्या घड्या फाटल्या होत्या.

"वाकडी," त्यानं मोठ्यानं वाचलं. "दोन हात." तो शिट्टी वाजवल्यासारखा श्वास सोडत म्हणाला, "मास्तरणीचं अक्षर मात्र सुरेख आहे."

"लिहिलं मी दोन हातच," धाकटी म्हणाली. "पण आमच्याकडं दोन हात म्हणजे एकच पोतं, दोनदा चालून. आणि निघताना तोंडानं पण सांगितलं होतं. एक पोतं म्हणून."

सासऱ्यांनी धाकट्याकडं पाहिलं. "सांगितलं होतं?"

नवरा मेलेल्या गायीच्या खुराकडं बघत होता. वाऱ्यानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला आणि सुटला.

"तसं काही बोलली नव्हती," तो म्हणाला. "तिनं लिहिलं तसं मी टाकलं."

धाकटीला वाटलं, आपण काहीतरी बोललो. पण ओठ हललेच नव्हते.

"एकानं मारल्यात या गायी," सासरे म्हणाले. "ज्यानं मारल्या तो आज या घरातून जाईल. एकटा. पोरगी कुठंही जायची नाही, ती या घरची आहे."

"पोरगी होतीच की त्या दिवशी दारात," थोरली मागून म्हणाली. "सगळं ऐकत असते ती. घोकतसुद्धा होती काहीतरी."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर, त्या दिवसात पहिल्यांदा, समाधान दिसलं. "आणा तिला ओसरीवर," ते म्हणाले. "पोर खोटं बोलत नाही."

*

धाकटी हौदावर हात धुवायला थांबली. शेण निघालं, वास निघाला नाही. तिनं परत धुतले. बापाच्या भेगा पडलेल्या बोटांवर फुंकर घालताना त्याचे डोळे कसे मिटायचे, ते तिला उगाचच आठवलं.

मघाशी नवरा तिच्या आधी भरभर चालत गोठ्याकडं आला होता. आता तो गोठ्यामागून बाहेर पडला. दोघं एकमेकांशेजारून गेली. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि तो म्हणाला, "मला दुसरीकडं कोण ठेवून घेईल गं?" आणि थांबला नाही.

गुंडी वासरापाशी बसली होती. वासराला थंडी लागेल म्हणून तिनं त्याच्याखाली आपलं घर अंथरलं होतं. झोपायची खोली आणि पाहुण्यांची. वासरू तिची बोटं चोखत होतं, ढुशा देत होतं आणि दूध का येत नाही म्हणून रागावत होतं. गुंडीचे गाल रडून सुजलेले, पण आता ती रडत नव्हती. ती विचार करत होती. विचार करताना तिची जीभ थोडी बाहेर येई.

धाकटी खाली बसली. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले, नाक पुसलं, शर्टाची वरची गुंडी लावली. ती लावायला फार वेळ लागला.

"चल. आजोबांनी बोलावलंय."

"मला माहितीये. बाबा सांगून गेले. म्हणाले, आजोबा विचारतील ना, तर आईनं दोन सांगितली म्हण." गुंडीनं वासराच्या तोंडातून बोटं काढून घेतली. ती पांढरी पडली होती आणि त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या. "ते म्हणाले, दोन हात म्हणजे दोनच असतात. पण तू म्हणाली होतीस एक पोतं. मला पाठ आहे. एक पोतं, दोन हात."

ओसरीवरून भांड्याचा आवाज आला. टक्, टक्. धाकटीचे पाय सवयीनं पाण्यासाठी उठू लागले.

टक्.

ती तशीच अर्धवट उठलेली राहिली. गुंडीनं तिचा हात धरला, उलटा केला, मग सुलटा केला, आणि तो आपल्या इवल्याशा, वासराच्या लाळेनं भिजलेल्या हाताशेजारी धरून पाहिला.

"मी खरं तेच सांगेन," ती म्हणाली. "पण आई, दोन हात म्हणजे एक पोतं, का दोन?"